परदेशी विद्यापीठाशी पहिली भागीदारी: आंतरराष्ट्रीय कक्षाचा चार्ज नव्याने घेणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत आंतरराष्ट्रीय कक्षाचा चार्ज एखाद्या प्राध्यापकाकडे 'अतिरिक्त' म्हणून येतो. सोबत मिळतात एक कपाट, अर्धवेळ लिपिक आणि सामंजस्य करारांची जाडजूड फाइल. त्या फाइलीतले फोटो देखणे असतात: दोन झेंडे, दोन कुलगुरू, मध्ये शाल-श्रीफळ. पण त्यातल्या किती करारांखाली एकतरी विद्यार्थी गेला किंवा आला, असं विचारलं की बोटं पुष्कळ उरतात.

याचं कारण साधं आहे. काम सहीपासून सुरू केलं जातं. ते गुणपत्रिकेपासून सुरू करायला हवं. तिकडे शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या आपल्या गुणपत्रिकेवर ते क्रेडिट कसं छापलं जाणार, हे आधी ठरवा आणि तिथून उलटं चालत या. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने मांडल्या आहेत. पहिल्या पत्रापासून पहिला विद्यार्थी विमानात बसेपर्यंत एक ते दीड वर्ष धरा. तीन महिन्यांत करून दाखवतो असं कुलगुरूंना सांगू नका.

पहिली पायरी: फाइल झाडा, माहितीपत्रक करा

प्रत्येक जुन्या कराराची एक ओळ करा: सहीची तारीख, मुदत कधी संपते, शेवटची प्रत्यक्ष हालचाल कोणती, दोन्हीकडचा माणूस कोण. गेल्या तीन वर्षांत काहीच घडलं नसेल तर तो करार बाजूला ठेवा. उरलेल्या दोन-तीन करारांवरच पुढचं काम बेतायचं आहे.

मग दोन पानांचं माहितीपत्रक इंग्रजीत तयार करा. परदेशी विद्यापीठं आपसांत अशीच पत्रकं देतात-घेतात. त्यात हवं ते असं: सत्रांच्या आणि परीक्षांच्या तारखा, इंग्रजीतून शिकवले जाणारे विषय (क्रेडिटसह), श्रेणीपद्धती आणि उत्तीर्णतेची मर्यादा, नामांकनाची (मूळ विद्यापीठाने विद्यार्थ्याचं नाव कळवण्याची) आणि अर्जाची शेवटची तारीख, वसतिगृहाची सोय आणि महिन्याचा खर्च, विम्याची अट, विमानतळापासूनचं अंतर, कक्षाचा ईमेल. हा ईमेल पदाच्या नावाने काढा. चार्ज बदलला की वैयक्तिक पत्त्यावरचा सगळा पत्रव्यवहार जुन्या माणसाबरोबर जातो, आणि पलीकडच्यांना वाटतं की इथे कुणी उत्तरच देत नाही.

'इंग्रजीतून शिकवले जाणारे विषय' ही ओळ लिहिताना प्रामाणिक राहा. अभ्यासक्रम कागदावर इंग्रजीत असणं वेगळं, वर्गात इंग्रजीतून शिकवणं वेगळं. दोन विभागांतले आठ विषय खात्रीचे असतील तर तेवढेच लिहा.

दुसरी पायरी: जोडीदार शोधा

क्रमवारीच्या यादीतून वरून खाली नावं काढत बसू नका. आपल्या प्राध्यापकांनी गेल्या पाच वर्षांत परदेशी सहलेखकांसोबत लिहिलेले शोधनिबंध स्कोपस या शोधनिबंधांच्या विदागारावरून काढा आणि कोणत्या विद्यापीठाचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते पाहा. बाहेर पीएचडी करून परतलेले शिक्षक आणि तिकडे शिकवणारे आपले माजी विद्यार्थी हे दुसरे दोन धागे. जिथे आधीच दोन माणसं एकमेकांना ओळखतात, तिथेच भागीदारी तग धरते.

मान्यता तपासणं सोडू नका. त्या देशाच्या अधिकृत यादीत संस्थेचं नाव आहे का ते पाहा. जर्मनीशी काम करायचं असेल तर त्यांच्या 'अनाबिन' या विदागारात आपलं स्वतःचं विद्यापीठ कसं नोंदलं आहे, तेही बघून ठेवा. तिथे 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) ही नोंद असली की पुढचे बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत.

पहिलं पत्र तिकडच्या रेक्टरना, म्हणजे कुलगुरूंना नको. प्राध्यापकाने प्राध्यापकाला लिहावं आणि प्रत तिकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला द्यावी. पत्रात चारच गोष्टी असाव्यात: ओळखीचा धागा (अमुक निबंध, अमुक विषय), एकच ठोस प्रस्ताव (उदाहरणार्थ, फेब्रुवारीत दोन्हीकडच्या पंधरा-पंधरा विद्यार्थ्यांचा पाच आठवड्यांचा संयुक्त ऑनलाइन घटक), आपलं माहितीपत्रक, आणि अर्ध्या तासाच्या बैठकीसाठी त्यांच्या घड्याळाप्रमाणे दोन वेळा. स्थापनेचं साल, संलग्न महाविद्यालयांची संख्या आणि 'नामवंत' हा शब्द नसला तरी काही बिघडत नाही. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एक आठवण पाठवा, नंतर सोडून द्या.

तिसरी पायरी: करार, म्हणजे दोन कागद

सामंजस्य करार हा इच्छेचा कागद. त्याने कुणावर काही बंधन येत नाही, म्हणूनच तो लवकर होतो. काम चालतं ते दुसऱ्या कागदावर, आदानप्रदान करारावर. आमचा सल्ला असा की दुसऱ्या कागदाचा मसुदा तयार झाल्याशिवाय पहिल्याच्या सहीचा समारंभ ठेवूच नये.

दुसऱ्या कागदात या गोष्टी स्पष्ट हव्यात: वर्षाला किती विद्यार्थी, कोणत्या स्तराचे आणि विभागाचे, शिक्षणशुल्क कुणाकडे भरायचं (साधारणपणे मूळ विद्यापीठात भरतात आणि यजमान माफ करतं), विमा, राहणं आणि प्रवास यांचा खर्च कुणाचा, क्रेडिट आणि श्रेणी बदलण्याची रीत, निकालानंतर किती आठवड्यांत गुणपत्रक पाठवायचं, वैयक्तिक माहितीची देवघेव (युरोपीय जोडीदार जीडीपीआर या त्यांच्या विदा संरक्षण कायद्याबद्दल विचारतीलच, आणि आपल्याकडेही २०२३चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आहे), आणि करार मध्येच मोडला तर तोवर गेलेल्या विद्यार्थ्यांचं सत्र पूर्ण होईल ही हमी. मुदत पाच वर्षं पुरेशी आहे. संपर्कासाठी व्यक्तीचं नाव न लिहिता पद लिहा.

मंजुरीचा रस्ता लांब असतो. विभाग, अभ्यासमंडळ, विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद, शिवाय विधी आणि वित्त विभागाचा शेरा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय दुव्यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे, तिथूनही विषय नेता येतो. विद्यापरिषदेच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात. एका बैठकीची विषयपत्रिका हुकली की तीन-चार महिने गेले म्हणून समजा. म्हणून 'क्रेडिट हस्तांतरास तत्त्वतः मान्यता' असा सर्वसाधारण ठराव एकदाच करून घ्या आणि विषयनिहाय तक्ते मंजूर करण्याचे अधिकार छोट्या समितीला द्या. दर विद्यार्थ्यामागे विद्यापरिषदेकडे जावं लागत असेल, तर ती योजना एका तुकडीतच दमते.

पदवीच जोडायची असेल तर हिशेब वेगळा आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये पदवी आपली आणि परदेशी संस्थेतली क्रेडिट ३० टक्क्यांच्या आत. संयुक्त पदवीत दोन्हीकडे किमान ३० टक्के क्रेडिट आणि दोघांचं मिळून एकच प्रमाणपत्र. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था वेगवेगळी पदवी देतात, प्रवेशाच्या अटी दोन्हीकडच्या पाळाव्या लागतात आणि भारतीय संस्थेत किमान ३० टक्के क्रेडिट मिळवावी लागतात. नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण, एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात स्थान किंवा 'इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स' हा दर्जा, यांपैकी एक असेल आणि जोडीदार टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असेल, तर यूजीसीची पूर्वपरवानगी लागत नाही. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाला हे नियम लागू नाहीत, आणि फ्रँचायझी चालत नाही. पण ही तिसऱ्या-चौथ्या वर्षाची गोष्ट आहे. आधी एक सत्र नीट पार पाडा.

चौथी पायरी: क्रेडिटचं गणित

इथेच बहुतेक गाड्या अडतात, म्हणून हे सावकाश वाचा.

युरोपात पूर्णवेळ वर्षाची ६० ईसीटीएस (युरोपातल्या सामायिक पद्धतीची) क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, एकाला ३० तास. आता बदल दोन रीतींनी करता येतो आणि दोन्हींची उत्तरं वेगळी निघतात.

तासांनी मोजलं तर युरोपातल्या एका सत्राची ३० क्रेडिट म्हणजे ७५० ते ९०० तास, म्हणजे आपली २५ ते ३० क्रेडिट. सत्राला आपली गरज २० ते २२चीच. आपला विद्यार्थी खूश. पण तीच मोजपट्टी तिकडून आलेल्या विद्यार्थ्याला लावा: आपली २० क्रेडिट, ६०० तास, म्हणजे त्याची २० ते २४ ईसीटीएस. त्याला हवी असतात ३०. तो सहा-दहा क्रेडिटने मागे राहतो आणि त्याचं विद्यापीठ पुढच्या वर्षी कुणाला पाठवत नाही.

दुसरी रीत भाराची: तिकडचं पूर्ण सत्र बरोबर इकडचं पूर्ण सत्र. ३० ईसीटीएस बरोबर आपली २०, म्हणजे आपलं एक क्रेडिट दीड ईसीटीएस. ही रीत दोन्ही बाजूंना सारखी पडते. आमच्या मते हीच घ्यावी आणि कराराच्या परिशिष्टात आकड्यासह लिहावी. आपलं सत्र २२ क्रेडिटचं असेल तर उरलेली दोन विद्यार्थ्याने परतल्यावर किंवा ऑनलाइन कशी भरून काढायची, तेही तिथेच लिहा. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट असतात, म्हणजे त्यांची दोन बरोबर एक ईसीटीएस. अमेरिकेत सत्राला साधारण १५, म्हणजे त्यांचं एक बरोबर दोन ईसीटीएस.

विषयांचा तक्ता करताना शीर्षक जुळवत बसू नका, शिकण्याची फलितं जुळवा. 'हायड्रॉलॉजी'ला 'हायड्रॉलॉजी'च हवं असा हट्ट धरला तर कुणीच जाऊ शकत नाही. मुख्य विषयांना ६० ते ७० टक्के मजकूर जुळला तरी पुरे आणि ऐच्छिक विषयांना जुळवणीची गरजच नाही, अशी भूमिका अभ्यासमंडळाकडून आधीच लेखी घ्या. हा तक्ता विद्यार्थी जाण्यापूर्वी विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठं अशा तिघांच्या सहीने पक्का होतो. इरॅस्मस या युरोपीय संघाच्या आदानप्रदान योजनेत याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. तिकडे गेल्यावर एखादा विषय रद्द होतो, एखाद्याचं वेळापत्रक आदळतं. तेव्हा बदलाचा कागद महिन्याभरात सही होऊन आला पाहिजे.

श्रेणीचा प्रश्न याहून नाजूक. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० जेमतेम उत्तीर्ण. तिथे एक सूत्र सर्रास वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. आपल्या १०च्या मापात उत्तीर्णता ४ला धरली तर ७.९ सीजीपीए म्हणजे २.१ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजेच २.०५. उलट बाजूने, तिकडे २.३ मिळवून आलेल्याचे आपल्याकडे ७.४ होतात. सूत्र सुटसुटीत आहे, पण न्याय्य आहेच असं नाही, कारण कडक आणि सढळ गुण देणारे विभाग दोन्हीकडे असतात. शक्य असेल तर क्रेडिट मोजावं, मूळ श्रेणी गुणपत्रिकेवर जशीच्या तशी छापावी आणि ती सीजीपीएच्या सरासरीत धरू नये. पहिल्या क्रमांकासाठी धडपडणारी मुलं तक्रार करतील. जाण्यापूर्वी लेखी संमती घेतली असेल तर तक्रार टिकत नाही.

आणि परीक्षा विभागाला आधी भेटा. निकालाच्या संगणक प्रणालीत परदेशी विषयाचा कोड नसला की विद्यार्थ्याचा निकाल 'राखीव' पडतो, आणि तो मोकळा करायला त्याला खिडकी-खिडकीवर फिरावं लागतं. 'परदेशी विद्यापीठ ऐच्छिक १, २, ३' असे कोरे कोड सत्र सुरू होण्यापूर्वीच उघडून ठेवा.

पाचवी पायरी: सत्रांचं वेळापत्रक

जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, तेव्हा आपलं विषम सत्र अर्ध्यावर असतं. उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा आपली लेखी परीक्षा तोंडावर असते. जपानचंही साधारण तसंच, एप्रिल आणि ऑक्टोबर. ऑस्ट्रेलियाचं जुलै ते नोव्हेंबर हे सत्र आपल्या विषम सत्रावर जवळजवळ चपखल बसतं. अमेरिकेचं जानेवारी ते मे हे सत्र आपल्या सम सत्राशी जुळतं, फक्त आपल्या हिवाळी परीक्षा डिसेंबरात संपल्या पाहिजेत. त्या जानेवारीत सरकल्या (आणि सरकतात) तर विद्यार्थी अडकतो. म्हणून जाणाऱ्यांसाठी लवकर परीक्षा घेण्याची तरतूद परीक्षा मंडळाकडून मंजूर करून घ्या. जर्मनीसाठी सरळ मार्ग म्हणजे पदव्युत्तरच्या शेवटच्या सत्रातला प्रकल्प तिकडे करणं. त्यात वर्गांच्या तारखांची अडचण येत नाही.

सहावी पायरी: पैसा

शिक्षणशुल्क माफ म्हणजे फुकट, असं पालकांना वाटतं. त्यांना आकडा सांगा. जर्मन व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचा पुरावा महिना ९९२ युरो या दराने मागतात (२०२४च्या सप्टेंबरपासूनचा दर). सहा महिन्यांचे ५९५२ युरो झाले. त्यावर विमान, व्हिसा शुल्क, विमा आणि तिकडच्या विद्यापीठाची सत्र-वर्गणी, जी माफीत येत नाही.

इरॅस्मस प्लसच्या क्रेडिट गतिशीलता योजनेतून विद्यार्थ्यांना प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळतो, पण अर्ज युरोपातल्या विद्यापीठालाच करता येतो. मुदत साधारणपणे फेब्रुवारीत असते, म्हणजे जोडीदाराशी बोलणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हायला हवीत. विद्यार्थी २ ते १२ महिने जाऊ शकतात, शिक्षक ५ दिवस ते दोन महिने.

परदेशातून देणगी किंवा प्रकल्प-अनुदान घेताना ट्रस्टच्या महाविद्यालयांना एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. परदेशी विद्यार्थ्याने भरलेली फी यात मोडत नाही. परदेशात पैसे पाठवताना टीडीएस आणि सीएच्या प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. वित्त व लेखा अधिकाऱ्यांना हा कागद सही झाल्यावर न दाखवता मसुद्यातच दाखवा.

सातवी पायरी: येणारे विद्यार्थी

आदानप्रदान एकास एक चालतं. आपल्याकडून जायला दहा तयार असतात, तिकडून यायला कुणी नसतं. दोन वर्षं तोल बिघडला की जोडीदार हात आखडता घेतो. यावर उपाय म्हणजे तीन-चार आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रम. तिकडून आलेले चार-पाच अल्पकालीन विद्यार्थी म्हणजे सत्राची एक जागा, असं प्रमाण करारात लिहिता येतं. विषय असे निवडा जे इथेच शिकण्यात अर्थ आहे: दुष्काळी भागातलं पाणी व्यवस्थापन, सहकारी साखर कारखानदारी, सार्वजनिक आरोग्य, लेणी आणि पुराभिलेख, मराठी भाषा. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज पुण्यात मराठीचे वर्ग चालवते, ते उगीच नाही.

क्रेडिट देणार असाल तर विद्यार्थ्याला स्टुडंट व्हिसावरच बोलवा. पर्यटक व्हिसावर क्रेडिटचा अभ्यासक्रम चालवला तर अडचण विद्यार्थ्याची होते आणि नाव विद्यापीठाचं जातं. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. परदेशी पाहुणा वसतिगृहात उतरला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं, ज्याला सगळे अजून सी फॉर्म म्हणतात. हे काम वसतिगृहाच्या रेक्टरचं. शनिवारी रात्री आलेल्याची नोंद सोमवारी होते, आणि चूक तिथेच घडते. रेक्टर आणि एक पर्यायी माणूस, दोघांना लॉगिन द्या.

पूर्ण पदवीसाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना यूजीसीच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंजूर जागांवर २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य (जादा) जागा देता येतात. आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्तीचे अर्ज पोर्टलवर येतात. ते आठवड्यातून दोनदा उघडून पाहणारा माणूस नेमला नाही, तर चांगले अर्जदार उत्तराविना दुसरीकडे जातात.

न जाणाऱ्यांसाठी

शंभरातले पंच्याण्णवहून अधिक विद्यार्थी कुठेच जाणार नाहीत. त्यांच्यासाठी संयुक्त ऑनलाइन घटक हा सगळ्यांत स्वस्त मार्ग: चार ते सहा आठवडे, दोन शिक्षक, मिश्र गटांत चार-पाच जण, एकच काम. पहिला आठवडा फक्त ओळखीला द्या, नाहीतर गट जमत नाहीत. कामाचे गुण दोन्हीकडे निकालात धरले जायला हवेत. एका बाजूला ते ऐच्छिक असलं की तिसऱ्या आठवड्यात त्या बाजूचे विद्यार्थी गळतात.

आणखी एक बारीक गोष्ट. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात. जर्मनीत दुपारी दोनचा वर्ग आपल्याकडे साडेपाचला असतो, तो त्या आठवड्यापासून साडेसहाला होतो. सहाच्या एसटीने गावी परतणाऱ्या मुली तिथून पुढे दिसेनाशा होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा घटक ठरवताना तिकडे एकची वेळ मागा.

परदेशी प्राध्यापकाला प्रत्यक्ष बोलवायचं असेल तर केंद्राची ग्यान योजना पाहा. १२ ते १४ तासांच्या अध्यापनाला कमाल ८००० डॉलर, २० ते २८ तासांना १२००० डॉलर अशी तिची मूळ रचना. पाहुण्याचं एक व्याख्यान आणि हारतुरे यापेक्षा एक क्रेडिटचा अभ्यासक्रम केव्हाही बरा.

कराराच्या पाचव्या वर्षी, मुदत संपायच्या सहा महिने आधी, पहिल्या पायरीतला तोच तक्ता पुन्हा काढा: किती गेले, किती आले, किती क्रेडिट गुणपत्रिकेवर छापली गेली, किती निकाल राखीव पडले. शेवटचा आकडा शून्य नसेल तर नूतनीकरणाच्या टिपणीआधी परीक्षा विभागाची बैठक लावा.